गोळी घरी आली की

पोरी, वहिनींच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी केमोची सलाईन टळली, रोज एक गोळी घ्यायची आहे, हे ऐकून तू हसलीस ते बरंच झालं. पण आता एक ध्यानात घे. सलाईन असती तर तिच्यावर नर्सनं लक्ष ठेवलं असतं. गोळी घरच्या कपाटात राहणार, म्हणजे लक्षही घरच्यांनीच ठेवायचं. म्हणून हे चार शब्द.

१. आधी कागद, मग औषध. ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ या जनुकांच्या तपासण्यांचा रिपोर्ट स्वतः मागून फाईलला लाव – पेशीतलं वाढीचं बटण चालूच राहिलेलं असतं, आणि कोणतं बटण अडकलंय ते कळल्याशिवाय त्याची गोळी ठरत नाही. आपल्याकडे फुफ्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा या प्रकारचा कॅन्सर झालेल्या साधारण चारांतल्या एकात ईजीएफआरचा दोष सापडतो, आणि तो विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत, बायकांत जास्त दिसतो. तेव्हा वहिनींनी कधी विडीला हात लावला नाही, मग हे कसं झालं, असं कुणी म्हटलं तर वाद घालत बसू नकोस.

२. बायोप्सीचा ब्लॉक आणि स्लाईड लॅबमधून सही करून घे आणि मुंबईला जाताना हातातल्या पिशवीत ठेव – ब्लॉक मेणाचा असतो, एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत राहिला तर खराब होतो, आणि मग तुकडा काढायला माणसाला पुन्हा सुई.

३. एक्स-रेवर डाग दिसला म्हणून कुणी टीबीच्या गोळ्या सुरू करू म्हटलं, तर थुंकीच्या तपासणीचा आग्रह धर – फुफ्फुसाचा कॅन्सर टीबी समजून महिनोन्‌महिने वाया गेलेली माणसं आपल्या भागात कमी नाहीत. टीबी खरंच निघाला, तर ते कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांग. टीबीवरचं रिफाम्पिसिन हे औषध वहिनींच्या गोळीची ताकद कमी करतं.

४. गोळी छोटी, घड्याळ मोठं. आल्याची लागण असो की घरात लग्न, वेळ एकच ठेव – औषध रक्तात सारखं टिकलं तरच काम करतं. ईजीएफआरवरच्या गोळ्यांपैकी गेफिटिनिब जेवणाआधी-नंतर कसंही चालतं, एर्लोटिनिबला मात्र रिकामं पोट लागतं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचं.

५. पित्ताची गोळी मेडिकलमधून परस्पर आणायची नाही – पोटातलं आम्ल कमी झालं की गेफिटिनिब आणि एर्लोटिनिब अंगात नीट शोषली जात नाहीत. तुला जळजळ झाली की पॅन्टोप्रॅझोल घ्यायची सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

६. पपनस बंद. भाजीतली हळद चालेल, पण हळदीच्या कॅप्सूल, काढे, कुणी आणून दिलेली पुडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको – गोळी यकृतातून जिरते, आणि तिथंच या गोष्टींची तिच्याशी गाठ पडते. शेजारीण मायेनं आणते, तिला दुखवू नकोस. पुडी घे आणि बाजूला ठेव.

७. तोंडावर, छातीवर पुटकुळ्या आल्या तर घाबरून गोळी थांबवू नका, डॉक्टरांना फोटो पाठवा – हा या औषधाचा नेहमीचा परिणाम आहे, त्यावर मलम मिळतं. मुरमांचं क्रीम लावू नका, कातडी आणखी कोरडी पडते. उन्हात जाताना पदर डोक्यावर असू दे.

८. जुलाब किती वेळा झाले ते कॅलेंडरवर मांड आणि ओआरएस घरात ठेव – वहिनी ‘थोडंसंच’ म्हणतील, आकडा खरं सांगेल.

९. अचानक धाप, नवा कोरडा खोकला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर, आणि पुढची गोळी त्यांना विचारूनच दे – क्वचित हे औषधच फुफ्फुसाला सूज आणतं. सतत डोकं दुखलं, उलटी झाली, झोक गेला तरीही थांबू नकोस, कारण हा आजार मेंदूपर्यंत जाऊ शकतो. अंगावर काढलं, ते अंगावर आलं.

१०. डॉक्टर गोळीबरोबर सलाईनही घ्या म्हणाले तर ‘आजार वाढला’ असं समजून रडू नका. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं ३५० रुग्णांवर याचाच अभ्यास केला होता, २०१९-२० मध्ये तो छापून आला. नुसत्या गेफिटिनिबवर आजार मध्यमानाने ८ महिने आवरला गेला, सोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिनची सलाईन दिल्यावर १६ महिने. पण गंभीर त्रास होणारेही दुपटीने वाढले. म्हणून वहिनींच्या अंगात किती बळ आहे, स्वयंपाक होतो का, जिना चढवतो का, ते खरंखरं सांगा – निर्णय त्यावर ठरतो. परळला पोचल्यावर सगळं आठवत नाही, गाडीतच कागदावर लिही.

११. पैशाआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठ, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेव – महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं हे आधी विचारलेलं बरं, बिल भरल्यावर विचारून उपयोग नसतो. गेफिटिनिब आपल्याच देशातल्या कंपन्याही बनवतात आणि स्वस्त मिळतं, पण कंपनी बदलायची तर डॉक्टरांना सांगून.

१२. बरं वाटतंय म्हणून स्कॅन चुकवू नका – काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आजार गोळीला दाद देईनासा होतो, आणि ते आधी स्कॅनमध्ये दिसतं, अंगाला नंतर कळतं. तेव्हा पुन्हा तपासणी होते, कधी रक्तावरही भागतं, आणि टी७९०एम नावाचा बदल निघाला तर ओसिमर्टिनिब हे पुढचं औषध आहे. गोळी बदलली म्हणजे दार बंद झालं असं नाही.

१३. तुझ्या बाबांना सांग, विडी अंगणातही नको – आजारी फुफ्फुसाला दुसऱ्याचा धूरही सोसत नाही. माझं नाव घेऊन सांग, ऐकतील.

आज रात्री एवढंच कर. गोळीचं नाव, तिची वेळ आणि डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटव, आणि चिकटवलंस की मला फोन कर.