संहिता, प्रयोग आणि यंत्र : ब्राउन विद्यापीठातील लेखनप्रयोगांचा विचार

१

साहित्यकृती म्हणजे तिची संहिता, हे गृहीत वाङ्मयाभ्यासात इतके मुरलेले आहे की त्याचा वेगळा उच्चार करण्याची गरज सहसा भासत नाही. नाटकाच्या बाबतीत मात्र हे गृहीत अपुरे पडते. मराठी नाट्यसमीक्षेने ‘संहिता’ आणि ‘प्रयोग’ ह्या दोन संज्ञा वेगळ्या राखल्या, त्या ह्याच जाणिवेने. छापील नाटक हाती आले म्हणजे नाटक हाती आले असे होत नाही. कथा, कादंबरी आणि मुद्रित कविता ह्यांच्याबाबत असा प्रश्न संभवत नाही, असे मात्र बराच काळ मानले गेले. संगणक हे लेखनाचे माध्यम होऊ लागल्यानंतर असे मानणे कठीण झाले आहे.

प्रयोगशील कला, सादरीकरण आणि संगणकीय तंत्र ह्यांना एकत्र आणणारे अभ्यासक्रम गेल्या काही दशकांत अनेक विद्यापीठांनी सुरू केले. त्यांपैकी अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन विद्यापीठाचे उदाहरण साहित्याच्या अभ्यासकाला विशेष उद्‌बोधक आहे. कारण तेथे ह्या प्रयोगांच्या केंद्रस्थानी चित्र किंवा संगीत नसून लिखित शब्द राहिला. प्रस्तुत लेखात ह्या उदाहरणाच्या आधारे एक मुद्दा मांडावयाचा आहे. संगणकाने साहित्याला केवळ नवे साधन दिले नाही, तर कथेच्या आणि कवितेच्या संहितेलाही प्रयोगाचे स्वरूप दिले. म्हणूनच अशा लेखनाचे अध्यापन, मूल्यमापन आणि जतन ह्यांसाठी मुद्रित ग्रंथाचे निकष पुरेसे ठरत नाहीत.

२

ब्राउन विद्यापीठातील ह्या परंपरेचा आरंभ संगणकशास्त्राच्या बाजूने झाला. ‘हायपरटेक्स्ट’ ही संज्ञा टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये रूढ केली. मजकुराचे स्वतंत्र खंड परस्परांशी दुव्यांनी जोडलेले आहेत आणि वाचक आपल्या निवडीप्रमाणे एका खंडातून दुसऱ्या खंडात जातो, अशी ही रचना होय. १९६७ मध्ये नेल्सन, ब्राउनमधील प्राध्यापक आंद्रिस व्हॅन डॅम आणि त्यांचे विद्यार्थी यांनी अशा लेखनाची एक प्रणाली प्रत्यक्षात तयार केली. पाठोपाठ १९६८ मध्ये ‘फ्रेस’ ही अधिक विकसित प्रणाली आली. १९७० च्या दशकाच्या मध्यास कवितेच्या एका अभ्यासक्रमात तिचा उपयोग करण्यात आला. विद्यार्थी पडद्यावर कविता वाचत, तिच्यावर टीपा लिहीत, इतरांच्या टीपा वाचून त्यांना उत्तरे देत. कविता आणि तिच्यावरील भाष्य एकाच जागी नांदू लागले आणि भाष्याला अंत उरला नाही.

१९८० च्या दशकात ‘इंटरमीडिया’ ही प्रणाली तेथे निर्माण झाली. इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक जॉर्ज लँडो यांनी तिच्या आधारे साहित्येतिहासाचे अध्यापन केले. ह्या प्रणालीचे एक वैशिष्ट्य वाङ्मयीन दृष्टीने लक्षणीय होते. तिच्यात दुवे हे मूळ मजकुरात कोरलेले नसत, ते मजकुरापासून अलग साठवले जात. त्यामुळे त्याच मजकुरावर दोन वाचकांना दोन निराळी जाळी विणता येत. मूळ पाठ अबाधित राहूनही त्याचे वाचन भिन्न, आणि तेही दृश्यरूपात नोंदलेले, अशी ही स्थिती होती. परंतु आर्थिक पाठबळ आटले, ज्या संगणकव्यवस्थेवर ती चाले ती बदलली, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘इंटरमीडिया’ बंद पडली. प्रणालीबरोबर तिच्यात विणलेली वाचनेही संपली. लँडो यांच्या अध्यापनसामग्रीचा काही भाग दुसऱ्या प्रणालीत नेण्यात आला, हे खरे. पण पुढे वारंवार उद्‌भवलेल्या एका पेचाची ही पहिली ठळक नांदी होती.

३

ह्या परंपरेला सर्जनशील लेखनाची जोड दिली ती कादंबरीकार रॉबर्ट कूव्हर (१९३२–२०२४) यांनी. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द बेबीसिटर’ ह्या कथेत एकाच संध्याकाळच्या परस्परविरोधी घटना शंभराहून अधिक सुट्या परिच्छेदांत मांडल्या आहेत. त्यांपैकी कोणती घटना ‘खरी’, हे कथा ठरवू देत नाही. कागदावर एकरेषीय कथनाशी झुंजणाऱ्या ह्या लेखकाला संगणकातील बहुमार्गी रचनेचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच होते. १९९० च्या सुमारास त्यांनी हायपरटेक्स्ट कथालेखनाची कार्यशाळा सुरू केली. तिच्यातून विद्यार्थ्यांनी एकत्रितपणे रचलेले ‘हायपरटेक्स्ट हॉटेल’ हे कथाजाल निर्माण झाले. जून १९९२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील ‘द एंड ऑफ बुक्स’ ह्या कूव्हर यांच्या लेखाने हा विषय सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला आणि बरेच वादळही उठले.

ह्या वातावरणात घडलेली सर्वांत महत्त्वाची कृती म्हणून शेली जॅक्सन यांच्या ‘पॅचवर्क गर्ल’ (१९९५) ह्या कथाकृतीकडे बोट दाखवता येईल. जॅक्सन त्या वेळी ब्राउनमध्ये सर्जनशील लेखनाच्या विद्यार्थिनी होत्या. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) ह्या कादंबरीत नायक एक स्त्री-प्राणी घडवावयास घेतो आणि पूर्ण होण्यापूर्वीच तिचा विध्वंस करतो. जॅक्सन यांनी ह्या अपुऱ्या स्त्रीला पुन्हा शिवले. निरनिराळ्या देहांचे अवयव टाके घालून जोडलेली ही नायिका, आणि निरनिराळ्या खंडांना दुव्यांनी जोडलेली तिची कथा, ह्यांत एकरूपता साधली आहे. एका भागात तर इतरांच्या ग्रंथांतील वाक्यांचे तुकडे अक्षरशः गोधडीसारखे जोडलेले आहेत. गोधडीत टाके लपवावयाचे नसतात. तिचे रूप टाक्यांतूनच उमटते. येथेही वाचक एका खंडातून दुसऱ्यात जातो, तेव्हा ओलांडलेली शिवण त्याला जाणवत राहते. तंत्र हे आशयापासून विलग करता येत नाही, ह्याचा इतका स्पष्ट प्रत्यय देणाऱ्या कृती त्या काळात फार नाहीत.

४

दुवे निवडीत वाचणे ही अद्याप मेजाशी बसून करावयाची कृती होती. २००२ मध्ये ब्राउनमध्ये सुरू झालेल्या ‘केव्ह’-लेखनाच्या कार्यशाळेने वाचकाला उभे केले. ‘केव्ह’ म्हणजे भिंतींवर आणि जमिनीवर त्रिमितीय प्रतिमा प्रक्षेपित करणारी एक खोली. तिची मूळ कल्पना शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात साकारली आणि १९९२ मध्ये ती जाहीरपणे दाखवण्यात आली. तिच्या नावात प्लेटोच्या गुहेचा श्लेष आहे. शास्त्रीय संशोधनासाठी उभारलेल्या अशा खोलीत लेखकांना नेऊन कूव्हर यांनी तीन भिंती आणि जमीन ही पृष्ठभूमी त्यांच्या स्वाधीन केली.

ह्या कार्यशाळेतील ‘स्क्रीन’ ही कृती नोआ वॉर्ड्रिप-फ्रुइन, कूव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२-०३ मध्ये रचली. आरंभी वाचकाच्या तीन बाजूंच्या भिंतींवर स्मृतीविषयीचे मजकूर उमटतात आणि तो ते नेहमीप्रमाणे वाचतो. मग एक शब्द भिंतीवरून सुटून त्याच्या दिशेने येऊ लागतो. त्यामागून दुसरा, तिसरा. वाचकाने हाताने टोला दिला, तर शब्द भिंतीकडे परततो. पण तो आपल्याच जागी बसेल असे नाही. काही शब्द दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत जातात, काही फुटतात आणि त्यांच्या तुकड्यांपासून नवे, अर्थहीन शब्द तयार होतात. सुटणाऱ्या शब्दांचा वेग वाढत जातो आणि अखेर सर्वच मजकूर ढासळतो.

ह्या कृतीची संहिता छापून काढणे अवघड नाही. ती दोन-तीन पृष्ठांत मावेल. पण तेवढ्याने कृती हाती येत नाही, कारण तिचा अर्थ वाचकाच्या हालचालीत आहे. स्मृती सावरण्याचा प्रयत्न स्मृतीला मूळ रूपात परत आणीत नाही, सावरण्याच्या कृतीतूनच ती बदलते, हा आशय येथे कोणत्याही वाक्यात सांगितलेला नाही. तो वाचकाच्या हातून घडतो. दोन वाचकांच्या हातून उरणारा पाठ एक नसतो. हाच तो प्रयोग : संहिता, अवकाश, काल आणि देह ह्यांच्या संयोगातून एकदाच घडणारा.

५

अशा लेखनाबद्दल घेतले जाणारे आक्षेप गंभीर आहेत. पहिला आक्षेप वाचकाच्या स्वातंत्र्याविषयीचा. हायपरटेक्स्ट वाचकाला सहलेखक बनवतो, असे आरंभीच्या समीक्षेत उत्साहाने म्हटले गेले. एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) ह्या ग्रंथात ह्या दाव्याची चिकित्सा केली. वाट निवडणे म्हणजे वाट निर्माण करणे नव्हे. अशा कृतीत वाचकाला पृष्ठे उलटण्यापलीकडचे श्रम करावे लागतात, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. नाट्यविचाराची परिभाषा येथे उपयोगी पडते. ‘स्क्रीन’चा वाचक नाटककार नसून नट आहे. त्याच्याविना प्रयोग उभा राहत नाही, पण त्याच्या हालचालींच्या मर्यादा दुसऱ्याने आखलेल्या असतात.

दुसरा आक्षेप शब्दाच्या अवमूल्यनाचा आहे आणि तो खुद्द कूव्हर यांनाही अपरिचित नव्हता. १९९९ मध्ये केलेल्या एका भाषणात त्यांनी साहित्यिक हायपरटेक्स्टचे सुवर्णयुग मावळल्याचे सांगितले. प्रतिमा आणि ध्वनी ह्यांनी गजबजलेल्या नव्या माध्यमात शब्द मागे पडतील, ही चिंता त्यामागे होती. ‘स्क्रीन’मध्येही शब्दांना टोलवण्याच्या भरात वाचक ते वाचावयाचे विसरतो, असे कोणी म्हटल्यास त्यात तथ्य आहे. परंतु ह्या कृतीने त्या विस्मरणालाच अर्थ दिला आहे. येथून मूल्यमापनाचा एक निकष हाती लागतो : यंत्राने घडवलेली हालचाल काढून टाकली असता कृतीचा अर्थ उणावत असेल, तर ती हालचाल वाङ्मयीन, उणावत नसेल, तर ती केवळ आरास.

तिसरा प्रश्न विद्यापीठीय व्यवहारातला आहे. ‘केव्ह’मधील कृती एकटा लेखक घडवू शकत नाही; तिला संगणकाची आज्ञावली लिहिणारा, ध्वनीची योजना करणारा आणि अवकाशाची रचना करणारा लागतो. पदवी मात्र एकेकाला द्यावयाची असते. ही अडचण साहित्य विभागांना नवी असली, तरी नाट्यशिक्षण देणाऱ्या संस्थांना जुनीच आहे. तेथे सामूहिक प्रयोगातील प्रत्येकाचे काम वेगळे ओळखण्याची रीत रुळलेली असते आणि साहित्य विभागांना तिच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

६

सर्वांत बिकट प्रश्न जतनाचा आहे. ‘पॅचवर्क गर्ल’ ज्या काळच्या संगणकांसाठी प्रसिद्ध झाली, ते संगणक काही वर्षांतच कालबाह्य झाले. ग्रंथालयाच्या कपाटात तबकडी सुरक्षित असूनही ती वाचता येऊ नये, ही अवस्था ग्रंथाच्या इतिहासात अपूर्व होय. ‘केव्ह’मधील लेखनाचे भवितव्य तर एका विशिष्ट खोलीशी बांधलेले.

ह्यावर डीन ग्रिगार आणि स्टुअर्ट मोल्थ्रॉप यांनी ‘पाथफाइंडर्स’ ह्या प्रकल्पात २०१३ पासून एक मार्ग चोखाळला. त्यांनी जुन्या कृती जुन्याच यंत्रांवर चालवल्या, लेखकांना आणि वाचकांना त्या मोठ्याने वाचावयास लावल्या आणि ह्या वाचनांचे चित्रीकरण केले. ‘पॅचवर्क गर्ल’ ही त्यांनी निवडलेल्या कृतींपैकी एक होती. येथे संहितेची प्रत जतन झाली नाही. एका वाचकाने एका दिवशी केलेला तिचा प्रयोग जतन झाला. गाजलेल्या नाटकाच्या ध्वनिचित्रफितीला जे महत्त्व असते आणि तिला ज्या मर्यादा असतात, तेच महत्त्व आणि त्याच मर्यादा ह्या नोंदींना आहेत. ह्या लेखनाचे स्वरूप प्रयोगाचे आहे, ह्याचा सबळ पुरावा अखेर त्याच्या जतनाच्या पद्धतीनेच दिला.

७

मराठीच्या अभ्यासकाला हा सारा विचार दूरचा वाटण्याचे कारण नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, कारण तीनशे वर्षांच्या पठणात आणि नकलांत पाठभेद शिरले होते. ग्रंथ सांभाळणारे हातच ग्रंथ बदलत आले होते. पाठचिकित्सा ही ह्या अनुभवातून जन्मलेली शिस्त आहे आणि यंत्रावरील लेखनाला तिची गरज कमी नसून अधिक आहे. फरक एवढाच की येथे पाठभेद हा दोष नसून कृतीचा धर्म असू शकतो. तेव्हा कोणता भेद रचनेतून आला आणि कोणता यंत्राच्या बिघाडातून, हे ठरवणे चिकित्सकाचे पहिले काम ठरते.

जतनाचा प्रश्नही आपल्या दारात आहे. युनिकोड ही प्रमाणित संकेतपद्धती रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांच्या खासगी संकेतांत साठवला जाई. तो फाँट नसेल तर लेख, कविता, प्रबंध निरर्थक चिन्हांच्या ओळी होऊन समोर येतात. संगणकावर काही ‘प्रयोगशील’ लिहिलेलेच धोक्यात असते असे नाही. साधे लेखनही यंत्राच्या भाषांतरावाचून उभे राहत नाही.

ह्यासाठी प्रत्येक विभागाने प्रक्षेपणाची महागडी खोली उभारावी, असे नाही. ब्राउनच्या उदाहरणातून घ्यावयाचा बोध यंत्राचा नसून दृष्टीचा आहे. एखाद्या विभागाने संगणकीय लेखनाचा अभ्यासक्रम आखला, तर पहिल्याच वर्षी त्यात तीन गोष्टींचा समावेश असावा : कृतीतील यांत्रिक हालचालीचे अर्थाशी असलेले नाते तपासणे, सहभागी व्यक्तींच्या कामाची स्वतंत्र नोंद ठेवणे, आणि कृती पूर्ण होताच तिच्या किमान एका वाचनाचे तपशीलवार दस्तऐवजीकरण करणे. ह्यांतील तिसरी गोष्ट वगळली, तर पहिल्या दोन गोष्टींचा विचार करावयास पुढच्या पिढीच्या हाती काहीच उरणार नाही.