थंड गाडीचा पहिला आवाज

बाबू, पिकअप आता तुझ्या हातात आली आहे, तर एक सांगतो. आवाज कुठून येतो हे शोधायच्या आधी तो कधी येतो ते बघ. पहाटे थंड इंजिनावर येऊन पाच मिनिटांत जातो, की सकाळी नसतो आणि हातखंबा गाठेपर्यंत सुरू होतो? अर्धं निदान तिथेच होतं. म्हणूनच थंडीतला आवाज दाखवायचा तर गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजला लावून ये. सकाळी घरून चालवत नेलीस तर इंजिन तापतं, आवाज पळतो आणि मिस्त्री म्हणतो, काही नाही रे, चांगली चाललीय. पहिला स्टार्टर त्याच्यासमोरच मारायचा.

आपली थंडी ती केवढी! लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल २०१९ साली काढावं लागलं. रत्नागिरीत तो प्रश्न नाही. इथे ऑइल जाड होतं, रबर कडक होतं आणि खाऱ्या हवेने खाल्लेलं लोखंड कुरकुरायला लागतं. मिरकरवाड्यातून मासळी भरून रात्री आंबा घाट चढणाऱ्या जुन्या गाडीला हे तिन्ही एकदम भोवतं.

स्टार्ट होताच किंचाळली तर पट्टा बघ. स्टार्टरने थंड बॅटरी ओढलेली असते, मग अल्टरनेटर जोरात चार्ज करायला लागतो आणि त्याचा भार पट्ट्यावर येतो. पट्ट्याच्या आतल्या अंगाला पाण्याची बारीक धार सोड. आवाज वाढला तर पट्टा ढिला, क्षणभर थांबला तर बहुतेक पुली सरळ रेषेत नाही. हात आणि गळ्यातला टॉवेल मात्र लांब.

वरच्या बाजूची टकटक फसवी. टॅपेट आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डची गळती थंडीत सारखीच ऐकू येते आणि तापल्यावर दोन्ही कमी होतात. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकव आणि मूठ कानामागच्या हाडाला लाव, पंख्यापासून जपून. टॅपेट असेल तर ठोका हाडात स्पष्ट उतरतो. गळती असेल तर कव्हरवर फारसं काही लागत नाही, पण मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचा काळा फराटा सापडतो. थंड लोखंड आकसलेलं असतं म्हणून फट उघडी, तापलं की फुगून फट बुजते. आवाज गेला म्हणून गॅस्केट बरं झालं असं धरू नकोस. थंडीत काचा लावून चालवतोस तेव्हा तोच धूर केबिनमध्ये शिरतो, आणि मला तुझी काळजी त्या धुराची जास्त आहे.

सुरुवातीची खडखड आणि थोडा पांढरट धूर हे डिझेलचंच आहे. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पेटायला उशीर होतो, तेवढ्यात ते साचतं आणि एकदम भडकतं. गरम झाल्यावरही एकच सिलिंडर ठोकत राहिला तर इंजेक्टर दाखव. जुने मिस्त्री एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून दोषी सिलिंडर ओळखायचे. कॉमन-रेल गाडीवर ते कुणालाही करू देऊ नकोस. आत हजार बारच्या वर दाब असतो, डिझेलची धार कातडी फोडून आत घुसते.

खालून कुईकुई आली तर पाट्यांचे बुश. मासळीच्या क्रेटांतलं खारं पाणी ठिबकतं ते नेमकं तिथेच. माल उतरला की गोड्या पाण्याने पाटे धू. रिव्हर्समधून पहिला टाकताना ‘टंग’ वाजलं तर शाफ्टचा क्रॉस बघ. वेगाबरोबर वाढणारी ‘घूं’ उजव्या वळणावर चढली तर डाव्या चाकाचं बेअरिंग.

कोल्हापुरात रात्रभर उभी राहिलेली गाडी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखरते, ते ड्रमवरचा गंज निघण्यापुरतं. मलकापूर आलं तरी खरखर चालूच असेल तर लायनर संपलेत, साखरप्याकडे घाट उतरायचा नाही. तिथेच चाक खोलून घे.

आणि इंजिनच्या पोटातून जड ठोका आला, सोबत ऑइलचा लाल दिवा लागला, तर त्याच जागी चावी बंद कर. माल दुसऱ्या गाडीत भर, पिकअप ओढून आण. बर्फ वितळेल, मासळीचं नुकसान होईल, त्याचं मी घरी बघतो.