पाणपक्ष्यांच्या मोजणीला मुलीला नेऊ का?

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. १३ वर्षांच्या मुलीला पक्ष्यांचं वेड आहे. पाणपक्ष्यांसाठी तिला इथे काही काम करता येईल का? तिचं जर्मन अजून कच्चं आहे. – एक वाचक

उत्तर : जरूर येईल. भाषेची काळजी करू नका, मोजणीत तीक्ष्ण नजर आणि चिकाटीच जास्त लागते. जर्मनीत सप्टेंबर ते एप्रिल दर महिन्याच्या मध्याला, बहुधा रविवारी, स्वयंसेवक तळ्या-नद्यांवरचे पाणपक्षी मोजतात. जानेवारीची फेरी आंतरराष्ट्रीय असते. आपल्याकडची आशियाई पाणपक्षी गणनाही त्याच महिन्यात होते. काठाचा ठरलेला टप्पा वर्षानुवर्षं तोच ठेवतात, म्हणून तर पक्ष्यांच्या संख्येतली घट लक्षात येते. एखादी जात दिसली नाही, ही नोंदही मोलाची असते. हे मुलीला आधीच सांगा, नाहीतर ती हिरमुसेल.

बव्हेरियात एलबीव्ही ही १९०९ पासूनची पक्षी-निसर्ग संरक्षण संस्था मुलांचे गटही चालवते; तिथे चौकशी करा. सुरुवातीला अनुभवी गणकासोबतच पाठवा. वारकरी (कूट), मॅलार्ड असे पक्षी ओळखता आले की थव्याचा अंदाज दहा-दहाच्या गटांनी घ्यायला शिकवा.

तुमच्या जवळचा इस्मानिंगचा जलाशय रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. उन्हाळ्यात तिथे हजारो बदकं पिसं बदलायला येतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. तेव्हा दुर्बिणीतून लांबूनच पाहा.

पुढे शाळा संपल्यावर २७ वर्षांच्या आतल्या तरुणांसाठी ‘स्वयंसेवी पर्यावरण वर्ष’ असतं. उत्तर समुद्राच्या वाडन किनाऱ्यावर असे तरुण पक्षी मोजतात, पर्यटकांना चिखलवाटांवरून फिरवतात. आणि एक, पक्ष्यांसाठी तळ्यात पाव टाकू नका. त्याने पाणी बिघडतं.