जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची पारख

निफाड, लासलगाव, पिंपळगाव या भागात लाऊडस्पीकर आणि मंडपाचा धंदा करणारी अनेक घरे आहेत. त्यांच्या गोदामात व्हॉल्व्हचे जुने अ‍ॅम्प्लिफायर धूळ खात पडलेले असतात. साफसफाई निघाली की ते किलोच्या भावाने भंगारात जातात. लोखंड, तांबे आणि थोडे अ‍ॅल्युमिनियम, एवढाच हिशेब होतो. आमचा धंदा कापडाचा. परंतु भंगार, रेडिओ दुरुस्ती आणि साउंड या धंद्यांत आमच्या घरचे व ओळखीचे बरेच लोक आहेत. त्यांच्यासोबत बसून आम्ही जे पाहिले व शिकलो ते येथे देत आहोत. सर्व पेट्या मौल्यवान नसतात, हे आधीच सांगितलेले बरे. पण शंभरात एखादी असते, आणि ती ओळखता आली नाही तर तिची किंमत दुसऱ्याच्या खिशात जाते.

प्रथम माइकचा सेट आणि गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर यांतील फरक समजून घ्यावा. माइकच्या सेटच्या मागे ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट लाइन असे स्क्रू असतात, कारण त्यावर लांबवर भोंगे जोडायचे असतात. अहुजा (दिल्ली, १९४०पासून) किंवा फिलिप्सचे सेट आपल्याकडे जास्त सापडतात. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला पुढे मोठ्या जॅकची भोके असतात, बास व ट्रेबलची बटणे असतात, कधी रिव्हर्ब किंवा ट्रेमोलो असतो. अनेकदा स्पीकर त्याच लाकडी पेटीत बसवलेला असतो व पेटीवर रेक्झिनसारखे कापड चिकटवलेले असते.

असा परदेशी माल आपल्या भागात कोठून येणार, असे कोणी विचारेल. १९६० व ७०च्या दशकांत मुंबईच्या हॉटेलांतील बँड आणि फिल्म लाइनमधील वादक, ज्यांत गोव्याचे कलाकार बरेच होते, इलेक्ट्रिक गिटार वाजवीत. आयातीचे परवाने आणि जकात कडक असल्याने बाहेरची वस्तू दुर्मिळ होती. म्हणून ती फेकली जात नसे, हात बदलत राही. नंतर ऑर्केस्ट्रा पार्ट्या आल्या आणि त्या तालुक्या-तालुक्यात फिरल्या. मुंबईच्या मटन स्ट्रीटवर, म्हणजे चोर बाजारात, जुने रेडिओ व ग्रामोफोन विकणारे या मालाला चांगले ओळखतात. जिल्ह्यात मात्र त्याला कोणी ओळखत नाही.

तीन नावे ध्यानात ठेवावीत. अमेरिकेचा फेंडर, इंग्लंडचा व्हॉक्स आणि लंडनचा मार्शल. मार्शलची सुरुवात १९६२ची. त्याची पुढची पट्टी १९६९पर्यंत प्लेक्सिग्लासची होती, नंतर अ‍ॅल्युमिनियमची झाली. नुसत्या या पट्टीने भावात मोठा फरक पडतो. फेंडर कंपनी १९६५च्या आरंभी सी.बी.एस.ने विकत घेतली. त्याआधीच्या मालाला शौकीन जास्त पैसे देतात. आवाजात खरोखर तेवढा फरक असतो का, यावर वाद आहे आणि आम्हाला तो शौकिनांचा हट्ट वाटतो. पण बाजार हट्टावर चालतो, हे कापडवाल्याला कोणी शिकवायला नको.

आता सालाची ओळख. थानाच्या टोकावर मिलचा शिक्का पाहिल्याशिवाय आम्ही कापड घेत नाही. येथेही तसेच शिक्के असतात, पण आतल्या बाजूला. फेंडरच्या त्या काळच्या पेट्यांत व्हॉल्व्हचा नकाशा असलेला कागद चिकटवलेला असतो व त्यावर इंग्रजीची दोन अक्षरे उमटवलेली असतात. पहिले अक्षर सालाचे : ए म्हणजे १९५१, बी म्हणजे १९५२, असे मोजत जावे. दुसरे महिन्याचे. म्हणजे 'एन सी' असेल तर मार्च १९६४. मग ट्रान्सफॉर्मर पाहावा. त्यावर ६०६-४-१० असा आकडा असेल तर ६०६ हा शूमाखर या कारखान्याचा क्रमांक, ४ म्हणजे १९६४ आणि १० म्हणजे दहावा आठवडा. स्पीकरच्या लोखंडी चौकटीवर २२०४१० असेल तर २२० म्हणजे जेन्सन, पुढचे वाचन तेच. ऑक्सफर्डचा क्रमांक ४६५, सी.टी.एस.चा १३७. साल एकाच आकड्यात दिले असेल तर दशक कोणते हे पेटीच्या रूपावरून ठरवावे लागते.

हे सर्व आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. स्पीकर मार्चचा आणि ट्रान्सफॉर्मर त्याच्या आगेमागे काही आठवड्यांचा, तर माल सरळ आहे. कागद १९६४चा आणि स्पीकर १९७२चा, तर स्पीकर नंतर बदललेला आहे. त्यात लबाडी असेलच असे नाही, पण भाव बदलतो. झाळही पाहावी. कारखान्याची जुनी झाळ मंद पडलेली असते, नंतर छेडलेली जागा वेगळी दिसते. आणखी एक मोठी खूण म्हणजे वायरिंग. १९६०च्या दशकातील फेंडरचे सुटे भाग पुठ्ठ्यासारख्या काळ्या फायबरच्या पट्टीवर हाताने जोडलेले असतात. फेंडरने जुन्याच रूपात पुन्हा काढलेल्या बहुतेक नव्या मॉडेलमध्ये छापील सर्किट बोर्ड असतो. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. मागची फळी काढून आत पाहिल्याशिवाय एक पैसाही मोजू नये.

सगळ्यात जास्त नुकसान तपासताना होते. नवखा माणूस पेटी आणतो आणि सरळ बोर्डात पिन घालतो. अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायर ११७ किंवा १२० व्होल्टचा असतो, आपली लाइन २३० व्होल्टची. क्षणात ट्रान्सफॉर्मर जळतो आणि लाखाची वस्तू खरोखरच भंगार होते. आधी मागच्या पट्टीवर छापलेले व्होल्ट वाचावे. व्होल्ट बदलण्याची चकती असेल तर ती कोठे ठेवली आहे ते पाहावे. अमेरिकन पेटीला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावावा, आणि तो मोठ्या वॅटचा घ्यावा. तिकडची लाइन ६० सायकलची आहे, आपली ५०ची, त्यामुळे त्यांचा ट्रान्सफॉर्मर येथे जास्त तापतो.

त्याहून गंभीर गोष्ट जिवाची आहे. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट डी.सी. असतो आणि पिन काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहतो. १० हजार ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या पकडीने लावून तो उतरवावा, मीटरने शून्य झाल्याची खात्री करावी, मगच हात घालावा. ट्रान्झिस्टरवर शिकलेल्या पोरांना ही सवय नसते. उस्तादाने शेजारी उभे राहून ती लावावी. दुसरा धोका जुन्या अमेरिकन दोन पिनांच्या वायरीत आहे. तिला अर्थिंग नसते, आणि आत एक छोटा कंडेन्सर लाइनची एक तार पत्र्याला जोडतो. तो शॉर्ट झाला की पत्रा, गिटारच्या तारा आणि वादकाचे हात सर्व लाइनवर येतात. ओठ माइकला लागले की झटका. तो कंडेन्सर काढून तीन पिनांची अर्थिंगची वायर लावणे हे पहिले काम.

चालू करताना सिरीज बोर्ड वापरावा, ६० किंवा १०० वॅटचा बल्ब मध्ये घालून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करावे. स्पीकर जोडल्याशिवाय कधीच चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ दाखवतो, त्याने घाबरू नये. चालू झाल्यावर घुमघुम येत असेल तर फिल्टर कंडेन्सर सुकले आहेत. बटण फिरवताना खरखर आली तर बहुधा धूळ आहे, ती साफ होते. पेन्सिलीने व्हॉल्व्ह हलकेच ठोकावा : टणटण आवाज स्पीकरमधून आला तर तो व्हॉल्व्ह बदलायचा. व्हॉल्व्हच्या आतील राखाडी पत्रा लाल होऊ लागला तर बंद करून बायस तपासावा.

किंमत ठरवताना चुकीचा विचार असा की 'नवे भाग टाकले, आता भाव वाढला.' येथे बहुतेक उलटे आहे. फिल्टर कंडेन्सर, वायर आणि व्हॉल्व्ह बदललेले घेणारा मान्य करतो, कारण ते झिजणारेच भाग आहेत. परंतु ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, पेटीवरचे कापड आणि जाळी ही मूळची हवीत. समजा, त्याच सालच्या अस्सल व चालू पेटीला १ लाख मिळतात. तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर बदललेल्या पेटीला आम्ही ६० हजारांपेक्षा जास्त लावणार नाही, आणि पेटीला नवा रंग किंवा नवे रेक्झिन चढवले असेल तर आणखी कमी. म्हणून विकण्यापूर्वी पॉलिश करून चमकवण्याचा मोह टाळावा. काढलेले जुने भाग पिशवीत घालून पेटीसोबत द्यावेत, त्यांनाही किंमत आहे.

आपल्याकडील माइकच्या सेटला एवढा भाव नाही, पण त्यातील व्हॉल्व्ह वेगळे काढून पाहावेत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ई.एल.८४ आणि ई.सी.सी.८३ हे व्हॉल्व्ह आजही मागितले जातात, इंग्लंडचे मुलार्ड त्याहून जास्त. मुलार्डचे छापलेले नाव पुसून दुसऱ्या व्हॉल्व्हवर छापता येते. काचेवर तळाशी कोरलेला बारीक कोड पाहावा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत कंडेन्सर, रेझिस्टर मिळून जातात.

बिलावर मॉडेल, सापडलेले सर्व आकडे, बदललेले भाग आणि राहिलेला ऐब असे स्पष्ट लिहून द्यावे. लांबचा गिऱ्हाईक पेटी न पाहता पैसे पाठवतो, तो याच कागदावर. जुन्या मालाचा नियमित धंदा करणाऱ्याला जीएसटीमध्ये खरेदीचे क्रेडिट न घेता फक्त नफ्याच्या रकमेवर कर भरण्याची सोय आहे. त्यासाठी खरेदीचीही पावती हवी, भंगारवाल्याकडून घेतलेल्या पेटीचीसुद्धा.