नाथषष्ठीची जत्रा

मुलांनो, माणसाचा जसा वाढदिवस असतो, तसा गावाचाही एक दिवस असतो. त्या दिवशी परगावी गेलेली माणसे घरी परततात, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, देवळावर नवी पताका चढते आणि एरवी निवांत असलेल्या रस्त्यांतून चालावयासही जागा उरत नाही. या दिवसाला आपण जत्रा म्हणतो. ‘जत्रा’ हा शब्द ‘यात्रा’ या संस्कृत शब्दापासून आला आहे. यात्रा म्हणजे प्रवास. तेव्हा जत्रेचा पहिला अर्थ पाळणे आणि मिठाई हा नसून, वाट चालणे हा आहे.

माझे बालपण गुलमंडीवर गेले. गुलमंडी हा छत्रपती संभाजीनगर शहराच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, मध्यभागीचा जुना बाजार. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘मंडी’ म्हणजे बाजार. कापडाची, भांड्यांची, पूजासाहित्याची दुकाने आणि त्यांच्या सोबतीला सुपारी मारुतीचे देऊळ, असा हा परिसर. येथून थोडे दक्षिणेस चालत गेले की पैठण दरवाजा लागतो. जुन्या शहराच्या दरवाजांना ज्या दिशेस वाट जाते तिकडच्या गावाची नावे दिलेली आढळतात. हा दरवाजा पैठणची वाट दाखवितो.

फाल्गुन महिना अर्धा सरला की या वाटेवर टाळमृदंगाचा नाद ऐकू येऊ लागे. खांद्यावर पताका, गळ्यात तुळशीची माळ आणि मुखी हरिनाम अशा वारकऱ्यांच्या दिंड्या पैठणकडे निघत. स्त्रियांच्या मस्तकावर तुळशीवृंदावन असे. मी लहान असताना आजीला विचारी, “ही माणसे कोठे चालली?” आजी म्हणे, “नाथांच्या घरी पाणी भरायला.” तिच्या या उत्तराचा अर्थ मला पुष्कळ दिवस कळला नाही.

संत एकनाथ हे पैठणचे. पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहन राजांची राजधानी. सोळाव्या शतकात येथे नाथांचा जन्म झाला. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे, म्हणजे दौलताबादचे, किल्लेदार होते. नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत विस्तृत टीका लिहिली, ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती पाहून तिचा पाठ शुद्ध केला, आणि सामान्य जनांना हसत हसत शहाणपण शिकविणारी भारुडे रचली. इ. स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस त्यांनी गोदावरीत जलसमाधी घेतली, असे परंपरा मानते. जनार्दनस्वामींच्या आयुष्यातील महत्त्वाच्या घटनाही याच तिथीस घडल्या, अशी श्रद्धा आहे. म्हणून या षष्ठीस ‘पंचपर्वा षष्ठी’ असेही म्हणतात. षष्ठी, सप्तमी आणि अष्टमी असे तीन दिवस पैठणला सोहळा चालतो. अष्टमीस सायंकाळी दहीहंडी फुटते, काल्याचा प्रसाद वाटला जातो आणि जत्रेची सांगता होते.

आता पाण्याची गोष्ट ऐका. नाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा एक सेवक होता. तो रोज गोदावरीवरून कावडीने पाणी आणी, रांजण भरी आणि पूजेसाठी चंदन उगाळी. अशी बारा वर्षे गेली. पुढे द्वारकेहून श्रीकृष्णाच्या शोधात एक भक्त पैठणास आला, तेव्हा कळले की हा श्रीखंड्या म्हणजे साक्षात् श्रीकृष्णच. आणि त्याच क्षणी तो अंतर्धान पावला. ही कथा लोक श्रद्धेने सांगतात. तो रांजण नाथांच्या वाड्यात आजही दाखविला जातो. तुकाराम बीजेच्या दिवशी तो भरण्यास प्रारंभ होतो. भाविक पाणी आणून ओततात. रांजण भरून वाहू लागला की देव आला असे समजावयाचे, आणि षष्ठीचा सोहळा सुरू व्हावयाचा.

ज्या घरी देवाने पाणी भरले, त्या घराचा धनी स्वतः कसा होता? नाथ काशीहून गंगोदकाची कावड घेऊन रामेश्वरास चालले असता, वाटेत तहानेने तळमळणारे एक गाढव त्यांना दिसले. सोबतचे यात्रेकरू पुढे गेले. नाथांनी मात्र ते गंगोदक गाढवाच्या मुखात ओतले. तप्त वाळवंटात रडणाऱ्या, अस्पृश्य गणल्या गेलेल्या एका बालकास त्यांनी उचलून कडेवर घेतले व त्याच्या घरी पोहोचविले, अशीही कथा आहे. ज्या काळी स्पर्शाचाही विटाळ मानीत, त्या काळी असे वागणे म्हणजे गावाचा रोष ओढवून घेणे होते. म्हणून नाथांची आठवण ही केवळ पूजेची गोष्ट नाही. ती आचरणाची गोष्ट आहे.

हे मला पुस्तकातून कळले नाही, वाटेवर कळले. इ. स. १९७२ मध्ये महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. मराठवाड्यात विहिरी आटल्या, गुरे छावण्यांत गेली, आणि शेतकरी दुष्काळी कामावर खडी फोडू लागले. मुलांना सुकडी वाटली जाई. पुढील वर्षीच्या, म्हणजे १९७३ च्या फाल्गुनात आजी मला घेऊन एका दिंडीबरोबर पैठणास पायी निघाली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आमच्या शहरापासून पैठण सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. चितेगाव मागे पडले, बिडकीन मागे पडले. ऊन असे तापले होते की वाटेवरची धूळ पायांस पोळत होती. दिंडीच्या बैलगाडीतील पाण्याचे पिंप दुपारीच रिकामे झाले होते.

एका वस्तीजवळ एक बाई डोईवर घागर घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या ओंजळीत ती तांब्याने पाणी घाली. वडील माणसे एक एक घोट घेऊन पुढे होत होती. माझी पाळी आली तेव्हा मी तांब्याच हाती घेतला आणि घटाघटा सर्व पाणी पिऊन टाकले. मग पुन्हा तांब्या पुढे केला. तिने घागर कलती केली. तळाशी चार थेंब होते. तेवढ्यात झोपडीतून तिचा लहान मुलगा आला आणि पदर ओढून म्हणाला, “माय, पाणी.” ती त्याला हळूच म्हणाली, “थांब जरा. रातच्याला नंबर लागला की आणीन.”

विहिरीवर अर्धी रात्र बसून तिने ती घागर भरली होती. माझी मान खाली गेली. आजीने कनवटीचे चार आणे काढून तिच्यापुढे धरले. पण ती घेईना. “आजी, वारकऱ्याच्या पाण्याला मोल नसतं. नाथांच्या पायावर तेवढं डोकं ठेवा आमच्या वाटचं,” असे ती म्हणाली.

आजी मला एक शब्दही रागावली नाही. पैठणास आम्ही समाधीचे दर्शन घेतले, कीर्तन ऐकले, पंगतीत बसून भाकरी खाल्ली. त्या पंगतीत माझ्या उजव्या हाताला कोण होते आणि डाव्या हाताला कोण, हे कोणी विचारले नाही. गावाजवळच जायकवाडी धरणाचे काम चालू होते. तेथे राबणारी कितीतरी माणसे संध्याकाळी काल्याला आली होती. परत निघताना आजीने बाजारातून एक पितळी कळशी विकत घेतली, ती गोदावरीत भरली, तोंडाला फडके बांधले आणि माझ्या मांडीवर ठेवली. “एक थेंब सांडू देऊ नकोस, बाळ,” एवढेच ती म्हणाली.

एस. टी. त्या वस्तीजवळ थांबविण्यास वाहकास विनवावे लागले. मी कळशी त्या बाईच्या हाती दिली. तिने ती क्षणभर कपाळाला लावली. मग मुलाला पाणी पाजले, आणि उरलेल्यातील निम्मे शेजारच्या झोपडीतील म्हातारीच्या मडक्यात ओतले. आजी माझ्याकडे वळून म्हणाली, “कळलं आता, नाथांच्या घरी पाणी भरायचं म्हणजे काय?”

मुलांनो, जत्रेची मुळे अशी खोल गेलेली असतात. त्यांतील पहिले मूळ श्रद्धेचे. एखाद्या देवाचे वा संताचे स्मरण. दुसरे मूळ शेतीचे. आपल्याकडील पुष्कळशा जत्रा फाल्गुन-चैत्रात भरतात, कारण तेव्हा रब्बीचे पीक घरात आलेले असते आणि शेतकऱ्यास थोडी उसंत असते. तिसरे मूळ व्यापाराचे. जेथे माणसे जमली तेथे कासार आला, कुंभार आला, घोंगड्या विकणारा आला. वर्षाची खरेदी जत्रेतच होई. आणि चौथे मूळ वाटून खाण्याचे. देवाचा प्रसाद एकट्याने खाता येत नाही.

ही मुळे एकाच धर्माच्या अंगणात रुजलेली नाहीत. आमच्या शहराजवळच खुलताबाद आहे. तेथे भद्रा मारुतीची निद्रिस्त मूर्ती आहे, आणि तेथेच चिश्ती परंपरेतील सूफी संतांच्या दर्गाहांवर उरूस भरतो. ‘उरूस’ या शब्दाचा मूळ अर्थ विवाह असा आहे. संताचा मृत्यू म्हणजे त्याचे ईश्वराशी मीलन, म्हणून त्याची पुण्यतिथी हा शोकाचा नव्हे, तर आनंदाचा दिवस मानतात. नाथषष्ठीतही हाच भाव नाही काय?

समुद्रापलीकडे आणखी एक दाखला पाहू. पॅसिफिक महासागरात फिलिपाईन्स नावाचा द्वीपसमूह आहे. इ. स. १५२१ मध्ये मॅगेलन हा दर्यावर्दी तेथील सेबू बेटावर पोहोचला आणि त्याने तेथील राणीस बाल येशूची एक मूर्ती भेट दिली. १५६५ पासून स्पॅनिश लोकांनी तेथे आपली सत्ता स्थापिली. त्यांनी विखुरलेल्या वस्त्या चर्चभोवती एकत्र आणल्या आणि गावोगावी एकेक रक्षक संत नेमून दिला. त्या संताच्या दिवशी भरणारा उत्सव म्हणजे ‘फिएस्टा’, तेथील जत्रा. सेबू येथे जानेवारीतील तिसऱ्या रविवारी ‘सिनुलोग’ हा उत्सव बाल येशूच्या सन्मानार्थ होतो. त्यातील नृत्यात पावले नदीच्या प्रवाहासारखी पुढे सरतात आणि मागे येतात. आपल्या वारकऱ्यांची पावली ज्याने पाहिली आहे, त्यास हे नृत्य परके वाटणार नाही. लुकबान या गावी १५ मे रोजी शेतकऱ्यांचा रक्षक संत इसिद्रो याचा उत्सव असतो. त्या दिवशी लोक आपल्या घरांच्या भिंती भाज्या, फळे, भाताच्या लोंब्या आणि तांदळाच्या पातळ रंगीत पापड्या यांनी शृंगारतात. धर्म नवा आला. परंतु पीक हाती आल्याचा आनंद जुनाच राहिला. फिएस्टाच्या दिवशी घरांची दारे उघडी असतात, आणि अनोळखी पाहुण्यासही जेवू घालतात.

म्हणजे पाहा, भाषा वेगळी, देव वेगळा, देश वेगळा. तरी भरलेले घर उघडे ठेवावे असे माणसास सर्वत्र वाटते.

आज काळ बदलला आहे. १९७६ पासून पैठणजवळ नाथसागराचे विशाल जलाशय पसरले आहे. दिंड्या अजूनही पायी येतात. पण पुष्कळ लोक मोटारीने येऊन त्याच दिवशी परततात. पाणी बाटलीत मिळते आणि रिकामी बाटली वाळवंटात पडते. जत्रा संपल्यावर गोदावरीच्या काठी जो केरकचरा उरतो, तो पाहून मला त्या बाईची घागर आठवते. जिने आपल्या लेकराच्या वाटणीचे पाणी अनोळखी मुलास दिले, तिच्या गावचे पाणी आपण मलिन करावे काय?

तुम्ही आपल्या गावच्या जत्रेस अवश्य जा. पाळण्यात बसा, रेवड्या खा, कुस्त्या पाहा. परंतु एकदा देवळामागेही जाऊन पाहा. तेथे कोणीतरी पाणी भरत असेल, कोणी पत्रावळी उचलत असेल, कोणी चुलीपुढे धुरात बसून शेकडोंचा स्वयंपाक करीत असेल. त्यांना मदत करा. ती पितळी कळशी आजही माझ्या घरी आहे. दरवर्षी षष्ठीच्या आधी मी ती चिंचेने घासून लख्ख करतो, आणि आता ती वाहून नेण्याची पाळी माझ्या नातवाची आहे.

स्वाध्याय

१. ‘जत्रा’ या शब्दाचे मूळ कोणते? त्यावरून लेखक काय सुचवितो?
२. नाथांच्या वाड्यातील रांजणाची कथा आपल्या शब्दांत लिहा.
३. वस्तीवरील बाईने पैसे का घेतले नाहीत? तिच्या जागी तुम्ही काय केले असते?
४. जत्रेची चार मुळे लेखकाने कोणती सांगितली आहेत? तुमच्या गावच्या जत्रेत त्यांपैकी कोणती दिसतात?
५. नाथषष्ठी, उरूस आणि फिएस्टा यांत कोणते साम्य आढळते?
६. वाक्यांत उपयोग करा : मान खाली जाणे, रोष ओढवून घेणे, अंतर्धान पावणे, उसंत असणे.
७. आजी किंवा आजोबा यांच्याकडून त्यांच्या लहानपणच्या जत्रेची हकीकत ऐका व ती दहा ओळींत लिहून आणा.