आश्विनातला पाण्याचा ताळेबंद

पावसाने पाठ फिरविली आणि आश्विनाचे ऊन चटके देऊ लागले, म्हणजे साऱ्या मराठवाड्याची नजर पैठणच्या नाथसागराकडे (जायकवाडीच्या जलाशयाकडे) वळते. कारण मेंढेगिरी समितीच्या 2013 च्या अहवालास अनुसरून जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने 2014 साली जो हुकूम काढला, त्यान्वये 15 ऑक्टोबर रोजी जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल, तर नाशिक आणि नगर भागांतील वरच्या धरणांतून पाणी खाली सोडण्याचा प्रश्न उपस्थित होतो. 1965 साली ज्याची पायाभरणी झाली आणि 1976 साली ज्याचे उद्घाटन झाले, त्या या जलाशयाचे मूळ गणित गोदावरीच्या तत्कालीन प्रवाहावर बेतलेले होते. पुढे वरच्या अंगास धरणे वाढली, आणि पाऊसही थोडक्या दिवसांत धो धो कोसळून मग आठवडेच्या आठवडे दडी मारू लागला, तेव्हा मागील सरासरीस पुढील वर्षाची हमी मानणे आता धोक्याचे झाले आहे. शिवाय 2909 दशलक्ष घनमीटरांपैकी 738 दशलक्ष हा मृत साठा, आणि पसरट, उथळ जलाशयातून उन्हाळ्यात होणारे बाष्पीभवनही जबर; तेव्हा टक्केवारीची बातमी वाचून कालव्याच्या आवर्तनांची संख्या मनाशी पक्की करू नये, पाटबंधारे खात्याचा कार्यक्रम जाहीर होईपर्यंत थांबावे.

परंतु फुलंब्री, खुलताबाद, कन्नड या तालुक्यांतील ज्या बागायतदाराची भिस्त काळ्या पाषाणातील विहिरीवर आहे, त्याचा हिशेब सरकारदप्तरी सापडणार नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी नेमाने मोजते, आणि ती माहिती अवश्य मागून घ्यावी. तथापि त्यावरून गावाचा कल कळतो, आपल्या विहिरीचा नव्हे. तो ज्याचा त्यानेच काढावयाचा असतो.

रीत सोपी आहे. दर पंधरवड्यास सायंकाळी उपसा करून पाणी एका ठरावीक खुणेपर्यंत उतरवावे, बारा तासांनी ते किती चढले हे गाठी मारलेल्या दोरीने मोजावे, आणि आकडा वहीत तारखेनिशी टिपावा. खूण दर खेपेस तीच हवी, कारण पाणी वर येऊ लागले की झऱ्यांचा जोर मंदावतो आणि खूण बदलल्यास मापांची तुलनाच फोल ठरते. 8 मीटर व्यासाच्या विहिरीत 1 मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे 50 हजार लिटर; उलटपक्षी एक हेक्टर रान 5 सेंटीमीटर भिजवावयास 5 लाख लिटर लागतात. विहीर काठोकाठ दिसते म्हणून गव्हाचे क्षेत्र वाढविणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत. खरा आधार साठ्याचा नसून पाझराचा आहे.

समजा, ऑक्टोबरच्या मध्यास रात्रीत 2 मीटर पाणी चढले आणि नोव्हेंबरच्या मध्यास दीडच मीटर, म्हणजे आवक महिन्यात तीन चतुर्थांशावर आली. हाच उतार पुढे धरला तर जानेवारीत ती सुमारे 84 सेंटीमीटर आणि मे महिन्यात जेमतेम 27 सेंटीमीटर राहील. विद्यापीठांतील मोठमोठी प्रतिमाने याहून पुष्कळ घटक जमेस धरतात हे खरे, पण तुमच्या विहिरीचा उतार तुमच्या दोरीखेरीज त्यांना कोण कळविणार? माप अंदाजाहून खाली गेले की त्याच दिवशी अंदाज खाली आणावा. शेजारच्या कूपनलिकेचा उपसा बहुधा असाच प्रथम उघडकीस येतो.

पेरा या हिशेबावर ठरवावा. पाण्याची शाश्वती नसेल तेथे गव्हाऐवजी हरभरा घ्यावा, फांद्या फुटताना आणि घाटे भरताना अशा दोन पाळ्या त्यासाठी राखाव्यात. भारी, ओल धरणाऱ्या रानात शाळू उत्तम. मोसंबीचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे, कारण आंबिया बहर धरणे म्हणजे मे महिन्याच्या पाण्यावर आजच करार करणे होय. वरील उदाहरणातील 27 सेंटीमीटर म्हणजे दिवसरात्र मिळून सुमारे 27 हजार लिटर. उन्हाळ्यात मोठ्या झाडास ठिबकने रोजचे 100 लिटर धरले, तरी 270 झाडे निभतात, आणि 6 मीटर अंतरावर लावलेल्या हेक्टरभर बागेत झाडे असतात 277. 2012-13 च्या अवर्षणात वर सांगितलेल्या तालुक्यांच्या जिल्ह्यात आणि जालन्यात बागाच्या बागा वाळल्या. म्हणून डिसेंबरात बागेस ताण देण्यापूर्वी वहीतील तीन-चार मापे काढून बसावे, तूट दिसल्यास बहराचा मोह सोडावा, आणि आळ्यांत पाचटाचे किंवा भुसकटाचे जाड आच्छादन घालून तेवढ्या पाण्यात झाडे जगविण्याच्या तजविजीस लागावे.