एकच इलेक्ट्रॉन

१. पदार्थ ओळखायला त्याला हात लावावा लागतोच असं नाही, हे मला भाताच्या पातेल्यापाशी उमगलं. मीठ घातलेलं पाणी उतू गेलं की गॅसची निळी ज्योत पिवळीजर्द होते. तो पिवळा सोडियमचा, सुमारे ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा. १८५९ साली हायडेलबर्गमध्ये रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन आणि भौतिकशास्त्रज्ञ किर्खोफ ज्योतींचा प्रकाश लोलकातून पाहू लागले आणि दोन वर्षांत सीझियम, रुबिडियम ही नवी मूलद्रव्यं हाती आली. दोघांपैकी एकट्याला हे साधलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

२. मला सर्वांत थक्क केलं ते त्या रंगाच्या कारणानं. सोडियमच्या अणूत अकरा इलेक्ट्रॉन. त्यातला सर्वांत बाहेरचा एकटा आणि सैल. क्लोरीन भेटला की तो त्याच्याकडे जातो आणि मीठ तयार होतं. हे रसायनाच्या तासाला. ज्योतीत सोडियमचा अणू सुटा झाला, की तोच बाहेरचा इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन वरच्या पातळीवर जातो आणि खाली येताना पिवळा प्रकाश देतो. हे भौतिकीच्या तासाला. म्हणजे मीठही त्याचंच आणि उजेडही त्याचाच! दोन वह्या वेगळ्या होत्या, गोष्ट एकच चालली होती. हे मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं.

३. जे कुणाशी फारसं संयोग पावत नाही, ते रसायनाला सापडणार कसं? १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणाची सावली विजयदुर्गावरून गुंटूरकडे गेली. गुंटूरला खगोलशास्त्रज्ञ झान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांमधल्या तेजस्वी रेषा पाहिल्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांना तिथली पिवळी रेषा सोडियमच्या जागेवरून जराशी सरकलेली दिसली. ती रेषा हेलियमची. पृथ्वीवर तो रसायनशास्त्रज्ञ रॅमझींच्या हाती लागला १८९५ साली.

४. मूलद्रव्यांचा क्रम माहीत असणं आणि क्रमाचं कारण माहीत असणं यांत फार अंतर आहे. रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हनं १८६९मध्ये आवर्तसारणीत टेल्युरियम जड असूनही आयोडीनच्या आधी बसवलं, गुणधर्मांवर विश्वास ठेवून. का, ते १९१३मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मोजलीच्या क्ष-किरणांनी दाखवलं: क्रम वजनाचा नाही, केंद्रकावरच्या प्रभाराचा आहे. दोनच वर्षांनी, सत्ताविसाव्या वर्षी, मोजली गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. आवर्तसारणी शिकवताना मेंडेलीव्हच्या शेजारी त्याचं नाव यायलाच हवं.